मुसळाखालचा हात

जपानमधल्या हिनोतानी गावात नकार कुणी तोंडाने देत नाही. "ते जरा..." एवढं म्हणून माणूस थांबतो, मान तिरकी करतो, दातांतून हवा आत ओढतो, आणि उरलेलं वाक्य समोरच्याने आपलं आपण पुरं करायचं. लग्न होऊन फिलिपिन्समधून इथे आलेल्या नेनिताला हे उमगायला बराच काळ लागला, आणि उमगल्यावर तिला गावाचं कौतुकच वाटलं. तिच्या माहेरी, इलोइलोकडे, नकार तीन घरं पलीकडे ऐकू जायचा.

गाव होतंच कौतुक करण्याजोगं. सकाळी दार उघडावं तर पायरीवर मुळ्यांची जुडी; कुणी ठेवली ते पानांना मारलेल्या गाठीवरून ओळखायचं. बर्फ पडला की ती उठायच्या आत तिच्या दारापुढची वाट कुणीतरी साफ करून गेलेलं असायचं. पण याच गावाने इतक्या वर्षांत तिला एकाही कामाला हात लावू दिला नव्हता. पाटाचा गाळ उपसायचा असो की देवळाभोवतीचं गवत कापायचं असो, नेनिता बाह्या सरसावून पुढे झाली की तिच्या हातात चहाचा पेला आलाच म्हणून समजा. "नेनितासान, तुम्ही बसा. दमला असाल." परदेशातून आलेल्या बाईला त्रास नको, एवढाच बिचाऱ्यांचा हेतू. नेनिता बसायची, चहा प्यायची आणि आतल्या आत धुमसायची. मान देऊन माणसाला लांब कसं ठेवावं, हे हिनोतानीकडून शिकावं!

बरं, कामाला ती काही कच्ची नव्हती. जवळच्या शहरातल्या वृद्धाश्रमात ती रोज म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. सख्ख्या मुलाला अंगाला हात लावू न देणारे आजोबा हिच्यापुढे मुकाट्याने पाठ करून बसतात. सासू त्सुरुयो मात्र तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. भांडण नाही, कौतुक नाही, साधं रागावणंसुद्धा नाही. घरातही नेनिता पाहुणीच.

त्सुरुयोचा गावात दरारा होता तो वर्षातल्या एका दिवसामुळे. वर्ष सरता सरता देवळाच्या अंगणात ओमोची, म्हणजे नव्या वर्षाचे चिकट भाताचे गोळे, कुटतात. वाफवलेला चिकट तांदूळ उखळात टाकायचा, एकाने घणासारखं मुसळ खांद्यावरून आणून घालायचं, आणि दोन घावांच्या मध्ये दुसऱ्याने ओला हात आत घालून तो कढत गोळा उलटायचा. घाव घालायचा रॉकेलची गाडी फिरवणारा इवाओ, आणि उलटायची त्सुरुयो. काम चालू असताना दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. एका वर्षी मात्र परसात पाय घसरला आणि त्सुरुयोचं मनगट मोडलं.

गावच्या मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष कुवाबारांनी हळूच विषय काढला. "यंदा दुकानातली पाकिटं आणली तर? म्हणजे, आपला नुसता एक विचार."

एकदा पाकिटं आली की उखळ कायमचं अडगळीत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गळ्यात हात अडकवलेली त्सुरुयो खाली मान घालून बसली होती. तिचा चेहरा नेनिताला बघवेना.

"मी घालते हात," नेनिता म्हणाली.

"ते जरा..." कुवाबारा म्हणाले. भोवतीच्या माना तिरक्या झाल्या.

"जरा काय?" नेनिताने विचारलं.

असं इथे कुणी विचारत नाही. कुवाबारांनी चष्मा पुसला, इवाओने छताकडे पाहिलं, आणि स्पष्ट नाही कसं म्हणायचं ते कुणालाच येत नसल्यामुळे ते ठरूनच गेलं. आता तिला जमलं तर उखळ राहणार होतं. नाही जमलं तर पाकिटं, आणि नेनिता जन्मभर चहाच्या पेल्याशी.

कुटायच्या दिवशी अंगणात बर्फ होता. देवाच्या नावाचा पहिला घाणा उखळात पडला, वाफेचा लोट उठला आणि नेनिता बाह्या सरसावून उखळाशी वाकली. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालेल? इथे तर निदान नुसता हातच होता.

"मी हळू मारतो हं, नेनितासान," इवाओ म्हणाला. "तुम्ही अगदी काळजी करू नका."

आणि तो खरोखरच जपून मारू लागला. मुसळ उचलायचं, तिचा हात बाहेर आला का ते बघायचं, क्षणभर थांबायचं आणि मग खाली आणायचं. नेनिता लहानपणी मावश्यांबरोबर एकाच उखळात कोवळा भात कुटत आली होती. तिच्या हाताने केव्हाच ताल धरला होता. घाव पडून गेला असणार अशा अंदाजाने तिने हात आत घातला. घाव अजून वरच होता. मुसळ तिच्या बोटांवर आलं.

इवाओ तिथेच बर्फात गुडघे टेकून बसला आणि कपाळ जमिनीला लावून माफी मागू लागला. कुवाबारा धावले. "पुरे, पुरे! आता राहू दे. नेनितासान, तुम्ही बसा." कुणीतरी चहा घेऊन आलंसुद्धा.

तेवढ्यात त्सुरुयो उठली.

"इवाओ, ऊठ! माझ्या हाताला कधी लागलंय तुझं मुसळ?"

"नाही, त्सुरुयोसान."

"का नाही लागलं? तू मला कधी जपलं नाहीस म्हणून! मुसळ मध्येच थांबलं की बोटं जातात. हिला पाहुणी समजून मारलंस, म्हणून लागलं!"

मग ती सुनेकडे वळली. "आणि तू गं! मुसळाकडे काय बघतेस? नजर भातावर ठेव! हात कोरडा ठणठणीत पडलाय, पाणी कुणी लावायचं? तिकडे भात गार होतोय आणि ही बाई बोटं धरून उभी! घाल हात!"

चारचौघांत कुणी कुणाला असं फाडफाड बोललेलं गावाने पाहिलं नव्हतं. नेनिताचे डोळे भरून आले. बोटं दुखत होतीच, पण ते पाणी बोटांचं नव्हतं. पाहुणीवर कुणी असं ओरडत नाही.

तिने हात पाण्यात बुडवला. "मारा, इवाओसान."

इवाओने बाहीने तोंड पुसलं, मुसळ उचललं, आणि या खेपेला तिच्या हाताकडे पाहिलंच नाही. दणका, हात, दणका, हात. सुजलेली बोटं ठणकत होती, तोंडावर वाफ येत होती, आणि भाताचा गोळा हळूहळू गुळगुळीत होत होता. एकदा तिला किंचित उशीर झाला, तर इवाओ रॉकेल विकायच्या आवाजात ओरडला, "अगं, झोपलीस का?"

"तुम्हीच म्हातारे झालात!" नेनिताही ओरडली. सगळं अंगण हसलं. कुवाबारासुद्धा हसले.

"गप्पा नकोत!" त्सुरुयो गरजली. "उलट!"

नेनिताने गोळा उलटला, आणि मुसळ पुन्हा खाली आलं, पूर्ण जोराने, तिला जराही न जपता.