फळ्यावर जागा नव्हती

बाळांनो, गेल्या महिन्यात धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, माझ्या वाढदिवसाच्या तारखेला जगात आणखी काय काय झालं?" तिकडे तिच्या शाळेत प्रत्येकाने आपापल्या तारखेची यादी करून न्यायची होती. मला मनातून आनंद झाला, कारण हा प्रश्न अगदी माझ्या हातातला होता. परतूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि दिनविशेषाचा फळाही बावीस वर्षं मीच लिहीत असे. परिपाठ सुरू व्हायच्या आधी व्हरांड्यातल्या फळ्यावर तारीख, सुविचार आणि त्या तारखेला इतिहासात घडलेल्या तीन गोष्टी. त्यासाठी मी एक जाड वही केली होती. एका तारखेला एक पान, एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा.

वही कपाटात जागच्या जागी होती. माझ्या वस्तू हरवत नाहीत. चौदा जानेवारीचं पान काढलं. पानिपतची तिसरी लढाई, तिच्याखाली बारीक अक्षरात बरीच टिपणं. मग भूगोल दिन. आणि शेवटी एका इंग्रज लेखकाची पुण्यतिथी, ज्याचं पुस्तक परतूरच्या एकाही मुलाने पाहिलेलं नव्हतं. पान खालपर्यंत भरलेलं. ते वाचलं आणि फोन करायचा राहूनच गेला. चौथी ओळ तिथे का नाही, हे मला ठाऊक होतं.

तुम्हाला ठाऊक नसणार, म्हणून सांगते. राज्यघटना लिहिणाऱ्यांचं नाव आपल्या मराठवाड्याच्या विद्यापीठाला मिळावं, म्हणून इथल्या बौद्ध माणसांनी सोळा वर्षं वाट पाहिली. मोर्चे काढले, मार खाल्ला. कित्येक गावांत त्यांची घरं जाळली गेली. १९९४ सालच्या चौदा जानेवारीला ते नाव मिळालं, तोच नामविस्तार. त्या दिवशीची माझी रोजनिशी मी आता काढून बघितली. तीत लिहिलंय, 'भोगीची भाजी उरली. तीळ अजून निवडायचे आहेत.'

त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या शाळेत गणिताच्या नव्या बाई बदली होऊन आल्या. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, बरोबर लहान मुलगी. आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं त्यांना शाळेतच कुणी सांगितलं आणि त्या संध्याकाळी विचारायला आल्या. माझ्या सासूबाई ओसरीवर होत्या. "कुठल्या म्हणायच्या तुम्ही? आडनाव काय?" त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जागा न्हाई बाई. पाव्हणे येनार हायेत आमचे."

मी पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन उंबऱ्याच्या आत उभी होते. बाहेर आले नाही. बाईंनी मला पाहिलं, मी तांब्याकडे पाहिलं. पाहुणे कुणी आले नाहीत. त्या खोल्या आठ महिने रिकाम्या होत्या, मग एका बँकेच्या कारकुनाला दिल्या. मी मनाची समजूत घातली होती की घर सासूबाईंचं आहे, मी काय बोलणार. पण फळा तर माझा होता.

नामविस्ताराला दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वर्षी संक्रांत पंधराला आली, म्हणून चौदाला शाळा भरली. मी तिसरी ओळ संपवत होते तेवढ्यात गणिताच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, आज एक ओळ वाढवा ना. नामविस्तार दिन."

जाळलेल्या घरांत त्यांच्या वडिलांचं घर होतं. ते मी स्टाफरूममध्ये ऐकलेलं होतं. म्हणजे खडू हातात धरून उभी होते तेव्हा मला सगळं माहीत होतं. फळ्यावर खाली वीतभर जागा होती. मी म्हणाले, "जागा नाही हो. तीन ओळी झाल्या की."

त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं का. तुमच्याकडं जागेची अडचणच असती बाई," त्या म्हणाल्या आणि वर्गाकडे गेल्या.

परिपाठात फळा वाचून दाखवायची पाळी नेमकी त्यांच्या मुलीची होती. सातवीत होती, आवाज खणखणीत. तिने तिन्ही ओळी वाचल्या, इंग्रज लेखकाचं अवघड नावही न अडखळता. मग श्वास घेतला आणि म्हणाली, "आणि आजच्या दिवशी..."

"फळ्यावर आहे तेवढंच वाचायचं," मी शिक्षकांच्या रांगेतून म्हणाले.

"हो बाई," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिची आई माझ्यापासून दोन माणसं सोडून उभी होती. तिने मान वळवली नाही.

संक्रांतीच्या सुट्टीनंतर मी स्टाफरूममध्ये तिळगुळाचा डबा फिरवला. गणिताच्या बाईंपुढे धरला आणि म्हणाले, "तिळगुळ घ्या, गोड बोला."

"मी गोडच बोलून राह्यले बाई. तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या आणि माझ्याच डब्यातला एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला. सगळे हसले. मीही हसले.

बाळांनो, हे तीसेक वर्षं मी वहीत मिटून ठेवलं होतं. धाकटीच्या प्रश्नामुळे ते उघडलं. गणिताच्या बाईही आता माझ्यासारख्या जालन्यातच असतात, मस्तगडाच्या पलीकडे, स्वतःच्या घरात. वही पिशवीत घालून मी रिक्षाने गेले.

"इंग्रजीच्या बाई! या या. आज रस्ता चुकला का?" त्यांनी दारातच विचारलं. पाणी दिलं, चहा ठेवला. माफी मागायची म्हणून मी घरून एक वाक्य तयार करून नेलं होतं. ते इंग्रजीत होतं. त्यांच्यासमोर बसल्यावर ते मराठीत काही जुळेना. मी नातीचा प्रश्न सांगितला, नुसती वही पुढे केली आणि म्हणाले, "ती राहिलेली ओळ तुम्ही लिहा."

त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. "या इंग्रजाला बरी भेटली जागा," म्हणाल्या आणि हसल्या. मग वही माझ्याकडे सरकवली. "मी न्हाई लिहिणार. तुमच्याच अक्षरात पायजे. पोरं तेच अक्षर वाचत व्हते."

मी इंग्रज लेखकाची ओळ खोडली आणि वरच्या बारीक फटीत लिहायला घेतलं. तिथेही अडले. "नामांतर लिहू की नामविस्तार?"

"झालं ते लिहा. मागितलं नामांतर, दिला विस्तार. जुनं नाव तसंच ठेवलं अन् बाजूला सरकून जागा दिली. तुमच्या दोन खोल्यांपेक्षा बरं झालं म्हणायचं."

मी लिहिलं. अक्षर बिघडलं. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "नातीला फळ्याचं सांगाल तुम्ही. मंग खोल्यांचंबी सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

रविवारी तुमचा फोन आला. मी पान पडद्यासमोर धरलं आणि ओळी वाचून दाखवल्या. नामविस्तार म्हणजे काय तेही सांगितलं, धड्यातल्यासारखं, घरं जळल्याचं गाळून. धाकटीने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "आजी, ही ओळ का खोडलीस? ती नवीन ओळ इतकी बारीक का?"

मी म्हणाले, "जागा नव्हती गं."

ती "ओके" म्हणाली. मग तुम्ही दोघं जेवायला गेलात. फोन ठेवताना माझ्या ध्यानात आलं. पंचाहत्तरी उलटल्यावर, कुणी अडवणारं नसताना, सासूबाई नसताना, माझ्या तोंडून तेच वाक्य आलं होतं.

म्हणून हे लिहून पाठवते आहे. धाकटे, तुझ्या यादीत दुरुस्ती कर. जागा होती. फळ्यावर वीतभर होती, आणि घरात दोन खोल्या.