सोमाला वाचून दाखवलेला कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती शेवटी अंथरुणाला खिळली होती, तेव्हाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुधा. आणि मी साधा मास्तर होतो एवढ्यावरून माझ्याविषयी बरं मत करून घेऊ नका.

रत्नागिरीत आमची आळी जुनी. घराला घर लागलेलं, सगळे एका जातीचे. टोकाला एक मोकळी जागा होती. तिच्या मुंबईकर मालकाने ती परस्पर विकली — आणि घेतली कुणी? सोमाने. हातखंब्याकडचा कुणबी, वीस वर्षं मुंबईच्या गिरणीत राबलेला. त्याला तिथे सहा घरं बांधायची होती, आपल्यासाठी आणि भावांसाठी.

आळी पेटली. शेजारच्या तात्यांनी वाटेवर करवंदीची काटेरी जाळी आणून टाकली. चिऱ्यांच्या गाड्या दोनदा परत धाडल्या. सोमाची बायको भागी विहिरीवर आली, तर बायकांनी रहाटाचा दोरच सोडून घरात नेला. मी? मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत होतो. सोमा आला की त्याला पायरीवर बसू द्यायचो, पाणी विचारायचो. तेवढ्यावर त्याला वाटलं, हा माणूस निराळा आहे.

त्याला अक्षर येत नव्हतं. म्युनिसिपालिटीचा अर्ज मीच लिहून दिला. चांगला लिहिला, हेही खरं. "पोरीला तुमच्याच शालंत घालनार," तो म्हणाला होता.

एका सकाळी तो उत्तर घेऊन आला. मागे भागी. मोडीतला कागद, चार ओळींचा. बांधायला परवानगी होती. महिन्याच्या आत कचेरीत येऊन नकाशावर अंगठा उठवावा, न केल्यास परवानगी रद्द समजावी — बस्स.

"काय ल्हिवलानी, मास्तर?"

मी पुन्हा वाचल्यासारखं केलं. कुणी मला शिकवून ठेवलं होतं का? नाही. आळीची भीती होती? तीही नाही. मला दिसल्या त्या आमच्या विहिरीवर त्यांच्या कळशा, आमच्या वाटेवर त्यांची पोरं — आणि किळस आली. वर्गात सगळी माणसं सारखी म्हणून शिकवणाऱ्या मला.

"नाही म्हणतात," मी म्हटलं.

"परत अर्ज केला तर?"

"उपयोग नाही. कायमचं नाही म्हणतात."

भागी तिथेच अंगणात बसली. कागद माझ्याकडेच राहू दे, म्हटलं; सोमा 'बरा' म्हणाला. दुपारी तो मी न्हाणीच्या चुलीत घातला.

तरी एवढ्यावर संपलं असतं तर — पण नाही. सोमा पुन्हा आला. तात्या जागा मागतायत, देऊन टाकू का, म्हणून विचारायला. मुदत संपायला तेव्हा नऊ दिवस होते. मी रोज मोजत होतो, म्हणून ठाऊक. अजून तोंड उघडता आलं असतं. मी म्हटलं, "दे."

तात्यांनी तिथे माड लावले. सोमा गिरणीत परत गेला, भाऊ गावातच राहिले. आळीला वाटलं, आपल्या काट्यांनी काम केलं. मीही मान हलवली.

काही वर्षांनी हातखंब्याला मोटारीची वाट बघत उभा होतो, तर सोमा समोर. गिरणी सुटलेली, बोलताना छाती वाजत होती. मुलीचं विचारलं — मी विचारलं, बघा. लग्न करून दिलं, म्हणाला. शाळा काय झाली नाय. मग वाकून त्याने माझ्या पायाला हात लावला.

"सगल्या आळीत तुमी येकलंच आमच्याशी नीट बोललात, मास्तर."

मी पाय मागे घेतले नाहीत. "सुखी राहा," म्हटलं, आणि मोटारीत चढून बसलो.