व्हर्बीनाकाकूचं भांडं

त्या उन्हाळ्यात ओझेला आत्याचा जीव रस्त्यावर टांगलेला असायचा. दारासमोर एखादी गाडी जरा हळू झाली की हातातलं काम टाकून ती ओसरीवर यायची. "घर बघायला आलंय का गं कुणी?" मी वैतागून म्हणायची, "आत्या, तो पोस्टमन आहे. गेली बारा वर्षं तोच आहे."

घर बांधलं तिच्या पणजोबांनी, गिडियन यांनी. जन्म गुलामगिरीतला. सुटल्यावर आठवडाभर गोऱ्यांच्या बंगल्यांसाठी विटा भाजायचे आणि शनिवारी दुपारनंतर स्वतःच्या भिंती रचायचे. एकोणीस वर्षं लागली. मृत्युपत्र मात्र केलं नाही, कारण कोर्टाच्या कागदांनी त्यांचं कधी भलं केलं नव्हतं. म्हणून घर सगळ्या वारसांचं, म्हणजे कुणाचंच नाही. एकाने हिस्सा विकला की घेणारा कोर्टात जाऊन अख्ख्या घराचा लिलाव मागू शकतो. अलाबामात अशी किती घरं गेली ते मी बघितलंय. इथे हॉटेल काढायला टपलेला एक गोडबोल्या गृहस्थ आमच्या एकेका भावंडाला पत्रं धाडत होता.

यावर उपाय एकच होता. घर कुटुंबाच्या ट्रस्टचं करायच्या कागदावर सगळ्यांनी सह्या करायच्या. आम्ही सगळ्यांनी केल्या. राहिला फक्त शिकागोचा थर्मन, आत्याचा चुलतभाऊ.

ऑगस्टमध्ये एका रविवारी उत्तरेला गेलेली सगळी मंडळी आमच्या चर्चला परत येतात. थर्मनही आला, आणि प्रार्थनेनंतर आमच्या घरी जेवायला बसला. जेवण आटपेपर्यंत कामाचं बोलायचं नाही ही आमची रीत, त्यामुळे आत्या नुसती वाढत होती.

"ताई, कोंबडी अजून तशीच तळतेस गं. माझे दात खोटे आहेत, पण चव खरी लागते."

"खा मग. शिकागोत तुम्ही बर्फच चघळत असाल."

तो खो खो हसला. मला वाटलं, जिंकलो. पीच घालून भाजलेल्या गोड कॉबलरचं काचेचं भांडं त्याने तळापर्यंत खरवडलं, उचललं आणि सहज बूड बघितलं. पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलं होतं: व्हर्बीना.

त्याची आई.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की शेजारपाजारचे, नात्यातले जेवण पाठवतात. भांडं कुणाचं ते कळावं म्हणून बुडाला नाव चिकटवतात. ते भांडं परत करायचंच, आणि रिकामं कधीच नाही. आत्याचे यजमान गेले तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, व्हर्बीनाकाकूने हे भांडं भरून पाठवलं होतं. चार महिन्यांत काकूही गेली. भांडं इथेच राहिलं.

"आईने मला फोनवर तीनदा विचारलं होतं," थर्मन हळूच म्हणाला. "ओझेलाने भांडं पाठवलं का रे, म्हणून."

आत्याचं तोंड उतरलं. "विसरले रे मी. लाज वाटते मला."

मी कागद पुढे केला, तर थर्मनने तो घडी घालून खिशात ठेवला. "प्रार्थना करून ठरवतो."

आमच्या गावात याचा अर्थ 'नाही' असा होतो.

तो गाडीत बसेपर्यंत आत्याने भांडं घासलं, पुसलं, दुसऱ्या थाळीतला उरलेला कॉबलर त्यात भरला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंगणातून अक्षरशः धावत गेली. "रिकामं कसं देऊ तुझ्या आईचं?" त्याने भांडं घेतलं. गाडी निघून गेली.

तीन आठवडे गेले. फोन नाही, पत्र नाही. आत्या भिंतींवरून हात फिरवत हिंडायची. चिडून मी थर्मनला नाही नाही ते बोलले, अर्थात त्याच्या माघारी.

मग खोकं आलं. शिकागोचा शिक्का. उचलल्याबरोबर आतला काचेचा जडपणा कळला. मी हलवून बघितलं. आत काहीच वाजलं नाही.

आत्या खुर्चीत बसली. "रिकामं आलं तर नातं तुटलं गं. घरही गेलं. तू उघड, माझ्याने होणार नाही."

मी उघडलं. भांड्यात, एका स्वच्छ धुतलेल्या रुमालाखाली, तो कागद होता. थर्मनची सही, नोटरीचा शिक्का.

आत्या मोठ्याने रडली. मग पदराने नाक पुसावं तसं ॲप्रनने पुसलं, भांडं उलटं करून नाव बघितलं आणि मला म्हणाली, "जा बघू बाजारात. पीच अजून मिळतात का?"