हिरव्या बांगड्या

दांडीवर ओवलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्यांवर ऊन पडलं होतं, म्हणून मी त्या दुकानापाशी थांबले. मालकाने माझ्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याकडे पाहून विचारलं, “कोणासाठी?” “माझ्यासाठीच,” म्हटल्यावर त्याने मेटलच्या साध्या बांगड्या पुढे सरकवल्या. “काकू, तुम्हाला ह्याच बऱ्या दिसतील.”

नवरा गेल्याचं दुःख मी घरी ठेवून बाजारात आले होते. ते परत माझ्या हातात द्यायचा अधिकार ह्याला कुणी दिला?

समोरच्या कासारीणबाईंकडे मी हिरव्याच मागितल्या. त्यांनी काही विचारलं नाही. माझा पंजा दाबून माप पाहिलं आणि एकेक बांगडी अलगद चढवली. दुकानदारी म्हणजे आणखी काय असतं?

परतताना मुद्दाम पहिल्या दुकानासमोर थांबले आणि बांगड्या वाजवत विचारलं, “काय हो, बऱ्या दिसतात ना?”