कवडूकाकांचं पाणी

डायलिसिसचं मशीन चार तासांत माणसाच्या अंगातलं दोन-तीन लिटर पाणी काढून घेतं. किस्से काढून घेणारं मशीन मात्र अजून निघालेलं नाही, म्हणून ते माझ्यापाशी साचत जातात! नागपुरातल्या एका छोट्या युनिटमध्ये मी टेक्निशियन आहे. साचलेल्यांपैकी निम्मे किस्से एकट्या कवडूकाकांचे.

काका कामठीचे, रिटायर्ड विणकर. किडन्या बंद पडलेल्या, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगातच राहायचं. आल्याआल्या आधी वजन करायचं, म्हणजे किती पाणी साचलं ते कळतं.

एकदा तीन किलो जास्त!

"दोनच गिलास पेलो वं पोरी. काटाच बिघडला तुमचा!"

काका खाली उतरले. चप्पल, बेल्ट, चष्मा आणि शेवटी दातांची कवळीसुद्धा सोबत आलेल्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या हातात देऊन पुन्हा चढले!

*

मे महिना. पुन्हा वजन जास्त.

"थेंबभर पाणी पेलो असन त शपथ!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "पाणी नाही पेले. ट्रेभर बर्फ खाल्ला."

"बर्फ चावा लागते. तो जेवणात येते!"

*

एकदा काकांनी चोरून तर्री-पोहे हाणले. मीठ पोटात गेलं की तहान लागते, पाणी साचतं, बीपी चढतं. चांगली किडनी जास्तीचं मीठ-पाणी बाहेर टाकते, काकांच्या किडन्यांना ते जमेना. पाणी फुफ्फुसात गेलं, काका धापा टाकत आले. मी धावतपळत मशीन लावलं.

तासाभरानं श्वास जागेवर आला तेव्हा म्हणाले, "तर्री मात्र झक्कास होती!"

काकू रडता रडता हसल्या. मला मात्र रागच आला.

*

त्यानंतर काकूही काकांएवढंच, मोजून पाणी पिऊ लागल्या.

"ते तहानले असताना मी कशी पिऊ?"

"काकू, या उन्हात? स्वतःच्या किडन्या खराब कराल!" मी ओरडले.

काकू चपापल्या. उभ्याउभ्या अख्खी बाटली संपवली.

"खराब करून कसं चालन? एक त यायले द्यायची हाय."

*

दिली! ट्रान्सप्लांटनंतर काही महिन्यांनी दोघं भेटायला आले. काका सवयीनं चप्पल काढून थेट काट्यावर! डॉक्टरांनी आता रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितलेलं, आणि काका एक घोट घेऊन बाटलीला झाकण लावत होते.

"भेव वाटते वं पोरी. वजन वाढन."

काकूंनी झाकण काढून बाटली परत त्यांच्या हातात कोंबली.

"प्या मुकाट्यानं! माही किडनी हाय ते. तुमच्यापायी एकदा तहानेली ठेवली तिले. आता पुन्हा नाही!"