फिलोमिनाने अर्धवट सोडलेली भुवई

काल पाच महिन्यांनी हमरियाला आयब्रो करायला गेले. पार्किंग नेहमीसारखंच मिळालं नाही. तीन चकरा मारल्या आणि एकदाही चिडले नाही... यावरूनच समजा, दिवस वेगळा होता.

मी राहते ओमानमध्ये, हमरियापासून लांब, अल् खुवैरला. घराखालीच दोन चकचकीत सलोन आहेत, पण गेली अकरा वर्षं मी फिलोमिनाकडेच जाते. ही वसईची, दोन खुर्च्यांचं पार्लर चालवते, आणि थ्रेडिंग करताना गप्प राहते. तो गुण मला फार आवडतो.

उन्हाळ्याच्या आधी एकदा ती गप्प राहिली नाही. उजव्या कानापुढचे केस काढताना तिचा दोरा थांबला. "मॅडम, इथे हरभऱ्याएवढं काहीतरी लागतंय. डॉक्टरला दाखवा."

मी म्हटलं, दुखत नाही ना, मग राहू दे. मी बीएस्सी झूलॉजी. लाळेची मोठी ग्रंथी कानापुढेच असते, हे परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं... आणि तरी हे उत्तर!

पुढच्या महिन्यात तिने पुन्हा बोट ठेवलं. "हरभऱ्याचा वाल झाला. गेलात का?" ऑफिसात ऑडिट आहे, बघू, म्हटलं.  तिने डावी भुवई केली, दोरा गुंडाळला आणि खुर्ची सरळ केली.

"खलास. यल्ला मॅडम, उठा."

"आणि उजवी?"

"उजवी हॉस्पिटलचा कागद दाखवल्यावर."

मी रागावले. चांगलीच रागावले. बावीस वर्षं मी ऑफिसात नुसती उजवी भुवई वर करून माणसं गप्प केली आहेत. हिच्याकडेही तसंच बघितलं, काही परिणाम नाही! "बघा, किती पण बघा. माझी आई पण 'दुखत नाही' म्हणत राहिली होती," एवढंच म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

एक भुवई रेखीव, दुसरी झुडूप... अशी मी दोन दिवस ऑफिसात वावरले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. सोनोग्राफी झाली, सुईने तपासणी झाली. कॅन्सर निघाला. लाळग्रंथीचा.

तो कागद घेऊन हमरियाला गेले. फिलोमिनाने तो दोनदा वाचला, घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला आणि उजवी भुवई केली. 

सर्जन ओमानी, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी सरळच विचारलं, यातून मी बरी होणार का? त्यांनीही सरळ उत्तर दिलं. गाठ कोणत्या जातीची, केवढी, मानेतल्या ग्रंथींपर्यंत पसरलीय का, चेहऱ्याच्या नसेला चिकटलीय का, आणि काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सरविना, मिळतात का... बरंचसं यावर ठरतं. वयाचाही वाटा असतो. वय सोडलं तर माझ्या बाबतीत सगळं बरं दिसत होतं. "आणखी वर्षभर थांबला असता, तर मी कदाचित वेगळं बोलले असते," असं म्हणून त्यांनी विचारलं, कोणी पाठवलं तुम्हाला? मी सांगितलं, पार्लरवालीने. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पार्लरचा पत्ता विचारला.

ऑपरेशन झालं. कडा स्वच्छ आल्या, मानेत काही नव्हतं, गाठ मंद वाढणारी निघाली. रेडिएशनही लागलं नाही. पण उजवी भुवई... हलेना. नस शाबूत आहे, दुखावलीय, काही आठवडे लागतील, असं डॉक्टर म्हणाल्या. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहायची. कपाळाची उजवी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट. जीव वाचला, यात सगळं आलं, हे कळत होतं. तरी रडले. एकदाच.

सात आठवड्यांनी ती जराशी हलली. मग रोज थोडी थोडी.

काल फिलोमिनाने मला खुर्चीत बसवलं. व्रणावरून हलकेच बोट फिरवलं. दोरा बाजूला ठेवला, समोर येऊन उभी राहिली. "मॅडम, त्या दिवशी बघितलं होतं ना माझ्याकडे, तसं बघा."

मी बघितलं. उजवी भुवई वर गेली... पूर्ण.

"बाई गं, आता भीती वाटली," ती म्हणाली आणि डोळे पुसत दोरा शोधायला लागली. तो तिच्याच खांद्यावर होता.

कानापुढे किंवा जबड्याखाली गाठ लागली तर दुखण्याची वाट बघू नका. बहुतेक साध्याच निघतात, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. प्रत्येकाला फिलोमिना मिळत नाही.

आणि हो, तिने काल आधी उजवी केली.