प्रतीक्षेत एक जण

“माझा आवाज येतोय का? कोणी आहे का?” हे वाक्य मी दिवसातून जितक्या वेळा म्हणते, तितक्या वेळा देवाचं नावही घेत नाही. खालापूरच्या बाजूला गोदामांची जी रांग उभी राहिली आहे, तिथल्या एका कंपनीत मी प्रशिक्षणाचं काम बघते. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना सुरक्षेचे धडे द्यायचे, वर्षातून एकदा त्यांची उजळणी घ्यायची, शेवटी परीक्षा. पूर्वी गोदामातच खुर्च्या मांडून वर्ग व्हायचा. आता माणसं वेगवेगळ्या पाळ्यांत आणि वेगवेगळ्या गोदामांत, त्यामुळे सगळं ऑनलाइन. भिसेगावच्या घरी मागच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसते आणि समोर काळे चौकोन उगवतात. कॅमेरा कोणीच लावत नाही. कोणी धाब्यावर बसलेला, कोणी गॅरेजात, कोणी चक्क झोपलेला. त्या चौकोनांना मी हाका मारत राहते.

सासूबाई एकदा पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या होत्या, की आमच्या गावचा भगत अशाच हाका मारायचा, पण त्याला निदान उत्तर तरी मिळायचं. तेव्हा मी खूप हसले होते.

आमच्या वर्गाचा जीव म्हणजे फळा. खरा नाही, स्क्रीनवरचा. त्यावर गोदामाच्या आवाराचा नकाशा असतो आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर बोट फिरवून गाडीचा रस्ता काढायचा. ज्याचं बोट फिरेल त्याचं नाव बाणाला चिकटून सगळ्यांच्या स्क्रीनवर फिरतं. थांबून हॉर्न द्यायच्या जागी एक ठिपका द्यायचा, असा माझा नियम. तो नियम एकच माणूस पाळत नसे. आमच्यातले सगळ्यात जुने चालक, पन्नाशीचे, चौक या गावाजवळच्या एका खेड्यातले. पॅकिंगच्या दाराजवळ एक आंधळं वळण आहे, तिथे ते कायम दोन ठिपके देत. मी दर वेळी टोकायची. ते दर वेळी शांतपणे सांगत, की तिथून बाया डबे घेऊन निघतात, तिथं हॉर्न दोनदाच द्यायचा. पुढच्या वेळी पुन्हा दोन. मी डोक्याला हात लावायची, पण खरं सांगायचं तर मला ते फार आवडत. सगळ्या वर्गात ‘ऐकू येतंय का’ला लगेच उत्तर देणारे तेवढे एकच होते.

उजळणी अर्ध्यावर आली असताना ते गेले. पहाटे झोपेतच. आदल्या दिवशी पाळी करून, जेवून, नीट बोलून झोपलेले. मी दोन आठवडे वर्ग ठेवला नाही. दहाव्याला आमचे बरेच चालक नदीवर गेले होते. मला जमलं नाही, सासूबाईंना ताप होता.

मग पुन्हा वर्ग सुरू केला. गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर. काळे चौकोन एकेक करून आले, ‘हजर’ असे शब्द टाइप झाले आणि मी शिकवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पट्टी आली. एक जण प्रतीक्षेत आहे. उशिरा येणाऱ्यांना मी आधी बाहेरच थांबवते. तिथे कोण आहे ते वर्गातल्या कुणालाच दिसत नाही, फक्त मला दिसतं. मी आत घ्यायला बोट नेलं आणि ते तसंच राहिलं.

त्यांचं नाव होतं. त्यांनी लावलेल्या बैलजोडीच्या चित्रासकट.

पहिल्यांदा मला राग आला. कुणीतरी चेष्टा करतंय, आणि ही कसली चेष्टा, असं मनात आलं. मी नाव तसंच ठेवून शिकवत राहिले. पट्टीवरून नजर हलेना. मधेच नेटवर्क गेलं की नाव जायचं, आणि मी सुटकेचा श्वास घेईपर्यंत पुन्हा यायचं. वर्ग संपला, सगळे बाहेर पडले, चौकोन एकेक करून विझले. प्रतीक्षेतलं नाव तसंच. रिकाम्या वर्गात मी आणि बाहेर ते. मी लॅपटॉप सरळ मिटला आणि सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसले. भरदुपारी मला भीती वाटली, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्या नंबरवर फोन करावा, असं चार वेळा मनात आलं. केला नाही. कोणी उचललाच तर मी काय बोलणार होते?

गेलेल्या माणसाचा नंबर ग्रुपमधून काढायला आमच्याकडे कुणाचा हात धजत नाही. त्यामुळे लिंक त्यांच्या मोबाइलवर जात असणार, एवढा उलगडा मी माझा मला केला. पण लिंक जाणं वेगळं आणि तिच्यावर कोणाचं तरी बोट पडणं वेगळं. पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्याही आधी ते नाव प्रतीक्षेत येऊन थांबलेलं होतं. त्यांची सवयच होती ती, वेळेच्या आधी येण्याची. मग मात्र मला राहवलं नाही. मी वर्गाला विचारलं, की हा नंबर कोणाकडे आहे, त्यांचं नाव बाहेर थांबलंय.

  मग त्यांच्याच पाळीतल्या एका चालकाने माइक चालू केला.

“मॅडम,” तो म्हणाला, “घ्या त्यांना आत.”

एवढंच.  माझ्याच्याने ते झालं नाही. डोकं दुखतंय असं सांगून मी वर्ग बंद केला. संध्याकाळी त्याच चालकाचा फोन आला. घरी जाऊन या, वहिनी सांगतील, आम्ही सांगण्यातली गोष्ट नाही, असं म्हणून त्याने गावाचा रस्ता समजावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटर काढली. चौकच्या जुन्या हायवेवर धाबे नेहमीसारखे भरलेले, पंक्चरवाल्यांची ठोकाठोक चाललेली. तिथून आत वळलं की आवाज एकदम मागे पडतो. घर नीटनेटकं, नवं प्लॅस्टर केलेलं. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी कोण ते सांगायच्या आधीच तिने मला ओळखलं, बहुतेक आवाजावरून. तिने मला आत नेलं आणि मला सगळं एका नजरेत दिसलं.

पाटावर त्यांचा फोटो. फोटोला झेंडूचा हार. आणि फोटोसमोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून, त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला त्यांचा मोबाइल. चार्जरची वायर भिंतीपर्यंत गेलेली.

तिने सांगितलं ते असं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे समोर आंब्यावर बसलेले, पण एक खाली येईना. भाऊ म्हणाले, मुलीचं शिक्षण करू. नाही. आईला सांभाळू. नाही. शेतीचा तुकडा विकणार नाही. तरीही नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करू म्हणाले. तेव्हा बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या तिला काय सुचलं तिचं तिलाच कळलं नाही. ती मोठ्याने म्हणाली, की तुमचा कोर्स अर्धा राहिलाय, तो आमी पुरा करून घेऊ. शब्द तोंडातून निघायला आणि कावळा उतरायला एकच गाठ पडली.

त्यांची मुलगी घरी बसून बी.ए. करते. लिंक, वर्ग, सगळं तिला येतं. दर गुरुवारी ती फोटोसमोर मोबाइल लावते, लिंक उघडते आणि दोघी मागे सरून बसतात. मोबाइलला कोणी हात लावत नाही. वर्ग त्यांचा आहे.

मी विचारलं, की त्यांच्या जागी घरातल्या कुणाला नोकरी हवी आहे का, त्यासाठी हे चाललंय का. आमच्या ऑफिसात तशी शंका निघाली असती, म्हणून विचारलं. तिने नाही म्हटलं. परीक्षेचा कागदसुद्धा नको म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, फोटोकडे बघून बोलली.

“सासू रोज पाळीच्या टायमाला कडी काढून ठिवते. म्हनते, तो येऊन उभा हाय. मी तिला येडी म्हनायची. आन् तुमी दोन गुरुवार यांना दारातच उभं ठिवलंत, मॅडम.”

 मी कोणाला बाहेर ठेवलं होतं, एका लिंकला की माणसाला, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही. एवढं कळलं, की या बाईने नदीवर सगळ्यांसमोर दिलेला शब्द आता माझ्या हातात होता. तो मोडला तर तिचा माणूस कडीपाशीच अडकून राहणार, असा तिचा पक्का विश्वास होता. आणि राहिली होती फक्त परीक्षा. ऑफिसातल्या साहेबांनी मला त्याच सकाळी बजावलं होतं, की यादीतलं ते जुनं नाव काढून टाका, पुढच्या महिन्यापासून चालणार नाही. पुढच्या गुरुवारी झाली तर झाली.

ती परीक्षा मी त्यांच्या घरी बसून घेतली. वर्गातल्या कुणाला ते सांगितलं नाही. तिला बरं वाटावं हे एक कारण. दुसरं कारण खरं: मला खात्री करून घ्यायची होती. मुलगी लपून बोट फिरवते का, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. मी पाटाशेजारी जमिनीवर बसले, मांडीवर लॅपटॉप. मायलेकी समोरच्या भिंतीला टेकून, हात मांडीवर. त्यांची म्हातारी आई दाराशी. मुलीने नुकताच ताजा हार घातला होता, त्यावर पाणी शिंपडलेलं होतं.

लिंक उघडली. पट्टी आली. एक जण प्रतीक्षेत आहे. या वेळी मी बोट थांबवलं नाही.

काळ्या चौकोनांत एक बैलजोडीचा चौकोन आला. सगळ्यांनी एकामागून एक पुन्हा ‘हजर’ टाइप केलं. मग एकेकाची पाळी. प्रत्येकाचं नाव फळ्यावर फिरलं, ठिपके पडले, चुका झाल्या, मी ओरडले. ओरडताना मला माझा आवाज दोनदा ऐकू येत होता, एकदा माझ्या तोंडून आणि एकदा त्यांच्या मोबाइलमधून, किंचित उशिराने. सगळ्यात शेवटी मी त्यांचं नाव घेतलं.

“तुमची पाळी,” मी म्हणाले. “आवाज येतोय का?”

घरात पंख्याचा आवाज. वर्गात तोही नाही. मी ठरवलं होतं, की थोडं थांबायचं आणि पुढे जायचं. सगळ्यांना समजलंच असतं. मायलेकींचे हात जागच्या जागी होते, मी बघत होते.

हारातलं एक फूल सुटलं. ओलं, जड, देठासकट. ते मोबाइलच्या स्क्रीनवर पडलं आणि माझ्या फळ्यावर त्यांचं नाव हललं. देवाला फुलं लावून कौल घेतात, तिथे फूल पडतं तसं ते पडलं. त्यात नवल काही नाही. ओलं फूल स्क्रीनवर पडलं तर मोबाइलला ते बोटासारखंच लागत असणार, हे मी माझं मलाच तिथल्या तिथे सांगितलं. फळ्यावर एक ठिपका उमटला. पॅकिंगच्या दाराजवळच्या आंधळ्या वळणावर.

मग फूल थोडंसं कलंडलं आणि घरंगळत पाटावर गेलं. जाताना त्याने पहिल्याच्या शेजारी दुसरा ठिपका दिला.

वर्गात कोणीतरी हुंदका दिला आणि लगेच माइक बंद केला.  मी नियमाप्रमाणे एकच ठिपका मोजायला हवा होता.

“पास झाले का?” तिने विचारलं.

“झाले,” मी म्हणाले.

ती उठली आणि पदर सावरून फोटोसमोर जाऊन उभी राहिली. घरातून निघणाऱ्या माणसाला आपण जा म्हणत नाही. ये म्हणतो, लवकर या म्हणतो. इतकी वर्षं पाळीला निघताना तिनेही तेच म्हटलं असेल, हात कामात असतील तर चुलीपासूनच.

“जावा आता,” ती म्हणाली.

दाराशी बसलेली त्यांची आई उठली आणि तिने कडी लावली. मी वर्ग बंद करायला स्क्रीनकडे वळले. बाकीचे चौकोन होते तिथेच होते. बैलजोडीच्या जागी एक ओळ आली होती, ते बाहेर पडल्याची. मोबाइल पाटावर तसाच होता, चार्जरला लावलेला, आणि मी कशालाही हात लावला नव्हता. नेटवर्क तिकडे जातंच.